संगणकशास्त्राची जोडपदवी

विद्यापीठांतील बहुतेक विद्या जमिनीतून वर वाढलेल्या असतात. पाढे शाळेत पाठ होतात, त्यांवर बीजगणित उभे राहते, महाविद्यालयात कलनशास्त्राची ओळख होते आणि मग ज्याची बुद्धी व धीर टिकेल तो एम. एस्सी.च्या वर्गात जाऊन बसतो. संगणकशास्त्राचा प्रवास नेमका उलट झाला. वडाची पारंबी फांदीवरून खाली उतरते आणि जमिनीला टेकल्यावर तिचेच खोड बनते. तशी ही विद्या प्रथम पदव्युत्तर वर्गात दिसू लागली आणि पदवीच्या वर्गात ती पुष्कळ उशिरा उतरली. पदवी आणि पदव्युत्तर पदवी ह्या दोन्ही एकाच सलग अभ्यासक्रमात देण्याची जी प्रथा आज अनेक देशांत आहे, जिला सोयीसाठी जोडपदवी म्हणता येईल, तिचा इतिहास ह्या उलट्या वाढीवाचून कळत नाही.

आरंभ केंब्रिजचा. तेथील विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स ह्यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या एडसॅक ह्या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपले पहिले गणित केले. गणित साधेच होते : शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्यांचे वर्ग. परंतु यंत्र तयार होताच दुसरी अडचण समोर आली. ते चालवावयाचे कोणी? रसायनशास्त्रज्ञाला, खगोलशास्त्रज्ञाला, अभियंत्याला आपापली आकडेमोड यंत्राकडून करून घ्यावयाची होती. पण यंत्राला समजेल अशा भाषेत प्रश्न मांडण्याची कला शिकविणारा वर्ग कोठेही नव्हता. केंब्रिजने आधी उन्हाळी वर्ग घेतले आणि १९५३ मध्ये एक वर्षाची पदविका सुरू केली. अंकीय विश्लेषण व स्वयंचलित गणन असे तिचे भारदस्त नाव होते. विद्यापीठाने रीतसर प्रशस्तिपत्र द्यावे असा संगणकाचा जगातील हा पहिला शिकविला गेलेला अभ्यासक्रम मानला जातो. ती पदविका आधीच पदवीधर झालेल्यांसाठी होती. कोणी गणिताचा, कोणी पदार्थविज्ञानाचा, असे विद्यार्थी येत, वर्षभर यंत्राच्या सहवासात राहत आणि आपापल्या वाटेने जात. संगणकाचा पदवीधर ही वस्तू तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

केंब्रिजच्या उन्हाळी वर्गाला १९५१ मध्ये हॉलंडहून एक तरुण आला होता. त्याचे नाव एड्सखर डाइक्स्ट्रा. पुढे तो ह्या शास्त्राच्या श्रेष्ठ आचार्यांत गणला गेला. १९५७ मध्ये त्याचा विवाह झाला, तेव्हा ॲम्स्टरडॅमच्या नगरसभागृहात व्यवसाय विचारला गेला. त्याने प्रोग्रामर असे सांगितले. असा व्यवसायच नाही म्हणून अधिकाऱ्यांनी ते नोंदविण्यास नकार दिला, आणि विवाहाच्या नोंदीत सैद्धान्तिक पदार्थवैज्ञानिक असे लिहिले गेले. ही हकीकत त्याने स्वतःच १९७२ मधील एका प्रसिद्ध व्याख्यानात सांगितली आहे. ती गमतीची आहे खरी, परंतु त्या पिढीची स्थिती तिच्यात पुरती सामावली आहे. ह्या विद्येच्या पहिल्या पिढीत जन्मतः तिचे नागरिक कोणीच नव्हते, सगळे स्थलांतरित होते.

अमेरिकेत ह्या विद्येला स्वतःचे घर मिळाले ते १९६२ मध्ये. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाने त्या वर्षी संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि सॅम्युएल काँटी हे त्याचे पहिले प्रमुख झाले. १९६५ मध्ये स्टॅनफर्डने जॉर्ज फोर्सिथ ह्यांच्या पुढाकाराने तसाच विभाग काढला. ह्या स्टॅनफर्डचीच गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळू लागली, जगभरातून विद्यार्थी येऊ लागले, आसपासच्या दऱ्याखोऱ्यांत नव्या धंद्यांचे जाळे पसरले. पण संगणकशास्त्र ह्या नावाची पहिली पदवी तेथे १९८६ पर्यंत नव्हती. म्हणजे एकवीस वर्षे घराला माडी होती, आणि तळमजला नव्हता. ब्रिटनमध्ये मँचेस्टरने मात्र १९६५ मध्येच पदवीचे विद्यार्थी घेण्यास आरंभ केला.

इतका विलंब का झाला, ह्याचे उत्तर विद्वानांच्या संशयात आहे. यंत्राचेही कधी शास्त्र असते काय, असा प्रश्न गणिताचे व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विचारीत. टंकलेखनयंत्राचे शास्त्र नाही, मग गणकयंत्राचे का असावे? १९६७ मध्ये ॲलन पर्लिस, ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन ह्या तिघांनी 'सायन्स' ह्या नियतकालिकाला पत्र लिहून ह्या आक्षेपांना उत्तर दिले. पुढच्याच वर्षी, मार्च १९६८ मध्ये, अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संघाने पदवी अभ्यासक्रमाचा एक सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला. कोणते विषय, कोणत्या क्रमाने, कशावर कशाचा पाया, हे त्यात मांडलेले होते. विद्येला क्रमिक रूप आले म्हणजे ती सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना शिकविता येते. पारंबी जमिनीला टेकली ती येथे.

भारतातील कथा ह्याच वळणाने गेली. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास इंग्लंडहून एक संगणक आणविला. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् आणि त्यांचे तरुण सहकारी स्वतः यंत्र बांधावयास बसले. आधी एक नमुनायंत्र झाले आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले. १५ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्याच्या नव्या वास्तूचे उद्‌घाटन करताना पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. नरसिंहन् ह्यांची डॉक्टरेट गणितातील होती आणि मूळ शिक्षण अभियांत्रिकीचे. ज्यांनी हिंदुस्थानचा पहिला मोठा संगणक घडविला, त्यांच्यापैकी कोणाजवळही संगणकशास्त्राची पदवी नव्हती, आणि ती असणे शक्यही नव्हते.

ती देण्याचा विचार प्रथम कानपूरला झाला. तेथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेला नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या व संस्थांच्या गटाचे साह्य होते. त्या योजनेतून ऑगस्ट १९६३ मध्ये आय. बी. एम. १६२० हे यंत्र कानपूरला आले. ते उभे करण्यासाठी हॅरी हस्की हे अनुभवी अमेरिकन तज्ज्ञ आले होते, आणि शिकविणाऱ्यांत विद्युत अभियंते वैद्येश्वरन् राजारामन् होते. देशातील कोणकोणत्या संस्थांतून अभियंते, शास्त्रज्ञ, अध्यापक येत, काही दिवसांच्या अल्पकालीन वर्गात फोर्ट्रान ही भाषा शिकत आणि आपल्या हाताने भोके पाडलेली पत्रे यंत्रात घालून उत्तर येण्याची वाट पाहत. राजारामन् ह्यांचे संगणकाच्या कार्यक्रमलेखनावरील पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये निघाले. ज्या महाविद्यालयांत संगणक केवळ चित्रात होता, तेथेही ते पोचले.

पुढे विद्युत अभियांत्रिकीच्या एम. टेक.मध्ये संगणकाचा पर्याय कानपूरने दिला. म्हैसूरहून विद्युत अभियंता होऊन आलेले नारायण मूर्ती १९६९ मध्ये तेथून एम. टेक. झाले. पुढे १९८१ मध्ये पुण्यात त्यांनी सहकाऱ्यांसह इन्फोसिस काढली. मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्येच सुरू झाली होती. ह्या कंपन्यांना माणसे हवी होती आणि ती संगणकाचे पदवीधर म्हणून बाजारात मिळत नव्हती. गणिती, संख्याशास्त्रज्ञ, यंत्र-अभियंते घ्यावयाचे आणि त्यांना घडवावयाचे, एवढाच मार्ग होता. संगणकशास्त्राचा स्वतंत्र बी. टेक. वर्ग कानपूरला सुरू झाला तो सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे येथेही पदव्युत्तर वर्ग आधी आणि पदवीचा वर्ग दहा-बारा वर्षांनी.

आता वर्षांचा हिशेब पाहिला पाहिजे, कारण जोडपदवीचे सारे रामायण ह्या हिशेबातच आहे. तंत्रविज्ञान संस्थांतील बी. टेक. पूर्वी पाच वर्षांचे असे. त्या काळी मुलगा शाळेत अकरा वर्षे काढून तेथे येई. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ ह्या काळात शिक्षणाची जी पुनर्रचना सुचविली, तिच्यानुसार दहा अधिक दोन ही रचना देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. शाळेत एक वर्ष वाढले, तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या आरंभी बी. टेक.चे एक वर्ष कमी करून ते चार वर्षांचे केले गेले. कागदावर बेरीज तीच राहिली. परंतु ज्या काळात हा विषय वर्षागणिक फुगत होता, नेमक्या त्याच काळात संस्थेच्या अंगणातील एक वर्ष गेले आणि ते बारावीच्या शिकवणी वर्गांच्या हवाली झाले. बारावीचे रसायन आणि संस्थेतील पहिल्या वर्षाची प्रयोगशाळा ह्यांची बरोबरी, पाठ्यविषय सारखे असले तरी, कोणी करू नये.

ह्याचा परिणाम पदव्युत्तर वर्गावर झाला. पूर्वी एम. टेक. हे संगणकाच्या विद्येत शिरण्याचे महाद्वार होते. पदवीच्या वर्गाने दुसरे दार उघडले, आणि मग चार वर्षे हेच शिकलेल्या मुलाने पुन्हा दोन वर्षे काय शिकावे, असा प्रश्न निर्माण झाला. बी. टेक. झालेल्यांपैकी पुष्कळ जण परदेशी गेले, पुष्कळ नोकरीत शिरले. मायदेशी एम. टेक. करण्यासाठी थांबणारे थोडेच. संस्थांमधले एम. टेक.चे वर्ग मुख्यतः बाहेरच्या महाविद्यालयांतून आलेल्या पदवीधरांनी भरत. संस्थेने स्वतः निवडलेला व घडविलेला विद्यार्थी संशोधनाच्या उंबरठ्यावर पोचताच निघून जाई.

ह्यावर एक जुना तोडगा अमेरिकेत होता. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात, म्हणजे एम. आय. टी.मध्ये, विद्युत अभियांत्रिकी विभागाने १९१७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी सहकार्य करून एक पंचवार्षिक अभ्यासक्रम आखला होता. विद्यार्थी काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात राही आणि शेवटी त्याला पदवी व पदव्युत्तर पदवी अशा दोन्ही मिळत. तेव्हा संगणकाचा जन्मही झाला नव्हता. त्याच विभागात पुढे संगणकशास्त्र आले, विषयांची गर्दी झाली, आणि नव्वदीच्या दशकात विभागाने मान्य केले की व्यवसायात उतरणाऱ्या अभियंत्याला चार वर्षे पुरत नाहीत. तेव्हा मास्टर ऑफ इंजिनिअरिंग ही पाचव्या वर्षाची पदवी निघाली, आणि ती केवळ आपल्याच पदवी विद्यार्थ्यांसाठी ठेवली गेली. बाहेरच्याला तेथे प्रवेश नाही. स्टॅनफर्डमध्येही पदवीचा विद्यार्थी शिकत असतानाच पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज करतो आणि दोन्ही अभ्यासक्रम एकमेकांत गुंफून पुरे करतो.

युरोपात त्याच सुमारास उलटे वारे वाहत होते. जर्मनीत फ्रीड्रिख बाउअर ह्यांनी म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात १९६७ मध्ये ह्या विषयाची व्याख्याने सुरू केली. कार्ल्सरूहे येथे १९६९ मध्ये त्याचा पूर्ण अभ्यासक्रम निघाला. जर्मनांनी त्याला इन्फोर्माटिक असे नाव दिले, आणि ते अधिक समर्पक आहे, कारण त्यात यंत्राचे नाव नाही, माहितीचे आहे. तेथील पदवीला डिप्लोम म्हणत. नावावरून आपल्याकडील पदविका कोणाच्या डोळ्यांसमोर येईल, पण ती साडेचार-पाच वर्षांची अखंड, भक्कम पदवी होती. मध्ये थांबा नाही. प्रबंध लिहून बाहेर पडावयाचे. सलग पाच वर्षांची पदवी जर्मनांच्या परंपरेतच होती. तिच्यासाठी वेगळा जोड देण्याची त्यांना गरज नव्हती.

१९ जून १९९९ रोजी बोलोन्या येथे एकोणतीस युरोपीय देशांनी एका घोषणापत्रावर सह्या केल्या. विद्यार्थ्याला एका देशातून दुसऱ्या देशात सहज जाता यावे, म्हणून सर्वत्र पदवी व पदव्युत्तर असे दोन टप्पे असावेत, असे ठरले. अखंड डिप्लोम दुभंगला आणि तीन अधिक दोन अशी विभागणी बहुतेक ठिकाणी आली. जर्मनीतील तंत्रविद्यापीठांनी जुन्या पदवीचे नाव तरी राखावे म्हणून आवाज उठविला. ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठाने तर काही शाखांत डिप्लोम चालूच ठेवला. ह्यात एक विरोधाभास आहे, आणि तो शिक्षणाच्या इतिहासकाराने दृष्टीआड करता कामा नये. एम. आय. टी. दोन पदव्यांचा सांधा जोडत असताना आणि हिंदुस्थान त्याच मार्गाने जात असताना, जेथे तो सांधा कधी नव्हताच तेथे तो मुद्दाम पाडण्यात आला. दोन्हीकडच्या समित्यांत शहाणी माणसे होती. फरक प्रश्नात होता. अमेरिकेत व भारतात प्रश्न होता, विद्यार्थी टिकवावा कसा. युरोपात प्रश्न होता, विद्यार्थी हलता करावा कसा.

भारतीय तंत्रविज्ञान संस्थांनी नव्वदीच्या दशकात पाच वर्षांची द्विपदवी योजना आणली. प्रवेश त्याच संयुक्त परीक्षेने, बसावयाचे त्याच वर्गांत, आणि पाच वर्षांच्या अखेरीस बी. टेक. व एम. टेक. दोन्ही हातात. वेगवेगळ्या मार्गांनी गेल्यास चार अधिक दोन अशी सहा वर्षे लागावयाची, ती पाचात बसविली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने आपल्या द्विपदवीत पदव्युत्तर भाग संशोधनाचा ठेवला, म्हणजे बी. टेक.च्या जोडीला संशोधनाधिष्ठित एम. एस.

योजनेचे बलस्थान वर्षाच्या बचतीत आहे, असे पालक समजतात. ते खरे नव्हे. तिचे बलस्थान चौथ्या व पाचव्या वर्षांच्या मधल्या, एरवी वाया जाणाऱ्या काळात आहे. स्वतंत्र एम. टेक.ला नवा विद्यार्थी येतो, पहिले वर्ष पायाभूत विषयांत घालवितो, मार्गदर्शक शोधतो, आणि प्रबंधाला हात घालतो तोच नोकरीच्या मुलाखती सुरू होतात. द्विपदवीचा विद्यार्थी आपल्या अध्यापकांना तीन वर्षे ओळखत असतो. कोणत्या खोलीत कशावर काम चालते, कोणाचे जमते, हे त्याला ठाऊक असते. त्याच्या प्रबंधाला सलग दीड वर्ष मिळू शकते. भाषांतरयंत्राची रचना असो, संगणकजालाची सुरक्षा असो, किंवा एखाद्या कूटप्रश्नाची गणिती मर्यादा सिद्ध करणे असो, ह्या कामांना सहा महिन्यांचा तुकडा पुरत नाही. जेथे पाचवे वर्ष प्रबंधाला दिले गेले, तेथे योजना फळाला आली. जेथे ते आणखी चार विषयांच्या परीक्षांनी भरले गेले, तेथे ते नुसतेच पाचवे वर्ष राहिले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला प्रवेशपरीक्षेतील क्रमांकाच्या आधारे, समुपदेशनाच्या घाईत, पाच वर्षांचा करार करावा लागतो. त्याला संशोधन आवडेल की नाही, हे त्याला कसे कळावे? अनेकांनी द्विपदवी निवडली ती पदव्युत्तर विद्येच्या ओढीने नव्हे, तर चार वर्षांच्या वर्गात त्या क्रमांकाला जागा उरली नव्हती म्हणून. चौथ्या वर्षाअखेर त्याच्या खोलीतील सोबती पगार घेऊ लागतो, आणि हा मात्र वसतिगृहाच्या त्याच भिंतींकडे पाहत बसतो. घरी धाकट्या भावंडांची फी भरावयाची असली, वडील सेवानिवृत्तीच्या वयाला टेकलेले असले, तर त्या एका वर्षाची किंमत पदवीपत्रावरच्या अक्षरांत मोजता येत नाही. संयुक्त अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्यांनी ह्या मुलाला मध्येच सन्मानाने बाहेर पडण्याची वाट ठेवली आहे की नाही, हे आधी पाहावे.

आणखी एका गोष्टीचा ह्या इतिहासात फारसा उल्लेख होत नाही. अखंड मार्ग जितका रुंद होतो, तितकी बाजूने येणाऱ्यांची वाट अरुंद होत जाते. नरसिंहन् गणितातून आले, डाइक्स्ट्रा पदार्थविज्ञानातून आला. हर्बर्ट सायमन तर राज्यशास्त्राचे पदवीधर होते, आणि त्यांना पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे बाजूच्या वाटेचे काम केले ते एम. सी. ए.ने. राजारामन् ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी संगणक-मनुष्यबळाचा विचार केला आणि तीन वर्षांच्या ह्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची शिफारस केली. वाणिज्य, विज्ञान, कला अशा कोणत्याही शाखेचा पदवीधर, गणिताची थोडी बैठक असली म्हणजे, येथे येऊ शके. तालुक्याच्या गावातून बी. एस्सी. होऊन आलेल्या किती मुलामुलींना ह्या दाराने महानगरांत नोकरी दिली, ह्याची गणती पुण्यातील, मुंबईतील, बंगलोरमधील कचेऱ्यांतून फिरल्यास सहज पटेल. मोठ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेचे नावही ज्यांनी बारावीत ऐकले नव्हते, त्यांची ही जोडपदवी होती, फक्त तिचे दोन भाग दोन गावांत शिकलेले होते.

केंब्रिजची ती जुनी पदविका २००८ पर्यंत चालली. तोवर तेथे संगणकशास्त्राच्या स्वतःच्या पदवीधरांचा ओघ सुरू होऊन बरीच वर्षे झाली होती. पदविका बंद झाल्यावर काही वर्षांतच पदवीच्या तीन वर्षांना चौथे वर्ष जोडले गेले, आणि ते पुरे करणारा विद्यार्थी आता बी. ए.सह मास्टर ऑफ इंजिनिअरिंग होतो. बाहेरून येणाऱ्यांचे एक वर्ष मिटले आणि घरच्यांचे एक वर्ष वाढले.

भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे सांधे पुन्हा हलविले. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यास दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, चार वर्षांची संशोधनासह घेतलेल्यास एकच वर्षाची, आणि पाच वर्षांचा अखंड अभ्यासक्रमही मोकळा, अशी तरतूद त्यात आहे. मध्येच बाहेर पडणाऱ्यालाही प्रमाणपत्र किंवा पदविका मिळावी, असे म्हटले आहे. त्याच सुमारास एम. सी. ए. तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचे झाले. चार वर्षे एका विद्यापीठात आणि पाचवे दुसऱ्या गावी दुसऱ्या गुरूंपाशी काढण्याची मुभा आता विद्यार्थ्याला आहे. त्या एका वर्षात नव्या गुरूंची ओळख किती होईल आणि प्रबंधाला किती महिने उरतील, हे मात्र प्रत्येक विभागाला आपल्या वेळापत्रकात बसवावे लागणार आहे.